सहाव्या लाइनवरचा माणूस

आमच्या रेडिओवर बातमी खरी आहे का हे सगळ्यात शेवटी बघतात. आधी बघतात, ऐकणारा चिडेल का. चिडला की तो फोन करतो, फोन आले की कार्यक्रम रंगतो, आणि कार्यक्रम रंगला की जाहिरातवाले खूश. ही अक्कल मला आमच्या भोंग्याने शिकवली. बाहेर त्याला सगळे भाऊ म्हणतात. त्याचा बोलण्याचा कार्यक्रम सकाळी सुरू झाला की सलूनमध्ये, गॅरेजमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, जाल तिथे त्याचाच आवाज. आत, काचेच्या अलीकडे, त्याचं नाव भोंगा. हे नाव मी ठेवलंय आणि मला त्याची बिलकूल लाज वाटत नाही.

मी फोन घेते, म्हणून मी फोनताई. कोण बोलतंय, कुठून, काय म्हणायचंय हे विचारायचं आणि दोन ओळींत टाइप करायचं. ते काचेपलीकडे भोंग्याच्या स्क्रीनवर दिसतं, मग त्याला हवा तो माणूस तो घेतो. आवाज वर-खाली करायच्या पट्ट्या माझ्याच टेबलावर असतात आणि त्यांच्या शेजारी एक लाल बटण. आमच्याकडे बोललेलं लगेच बाहेर जात नाही, काही सेकंद मागे असतं. मध्ये कुणी शिवी घातली तर ती खाऊन टाकायला ते बटण. शिव्या मी कितीतरी खाल्ल्या आहेत. खोटं खायला मात्र बटण नाही, आणि असतं तर कार्यक्रमात फक्त जाहिराती उरल्या असत्या.

टेबलावर फोनच्या सहा लाइन. पाच लोकांच्या. सहावी आमची घरची, मागच्या सामानाच्या खोलीतून येते. तिथे जुन्या खुर्च्या, मोडका पंखा आणि नकल्या. नकल्या हा नाटकातला माणूस, नाटकं बंद पडली तसा आमच्याकडे जाहिरातींना आवाज द्यायला आला. त्याच्या गळ्यात कोण नाही ते विचारा. सुरुवातीला फोन कमी यायचे, तेव्हा त्याने गंमत म्हणून एक रिटायर मास्तर काढले. खोकत खोकत, गोड बोलणारे. लोकांना ते इतके आवडले की त्यांच्या तब्येतीची चौकशी करणारे फोन येऊ लागले. मग महागाईवर तावातावाने बोलणारी काकू आली, मग एक दुकानदार. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, आणि चहाच्या वेळी तो भोंग्याची नक्कल करायचा तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो. भोंगासुद्धा हसायचा.

त्या दिवशी शहराच्या महापालिकेचं मतदान होतं. मतदानाच्या दिवशी रेडिओवर प्रचार करायचा नाही असा नियम आहे, म्हणून आम्ही प्रचार करत नव्हतो, चर्चा करत होतो. आमचा मालक आणि आत्ताचे महापौर एका ताटात जेवणारे, त्यामुळे चर्चा कुठल्या बाजूला वाहणार हे सांगायला नको. पुलापलीकडची वस्ती महापौरांची हक्काची. तिथल्या लोकांना मतदानाला आणायला डेपोच्या बस लावल्या होत्या, आणि सकाळीच त्यातल्या तीन पुलावर बंद पडल्या.

मला हे कळलं ते दादाकडून. माझा मोठा भाऊ त्या डेपोच्या वर्कशॉपचा मुख्य. टक्कल, जाड चष्मा आणि कपाळावर कायम ग्रीसचा डाग, तो पुसायला गेला की अजून पसरतो. त्याने कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी फोन केला. रात्री आलेल्या डिझेलमध्ये पाणी होतं, म्हणाला. टाक्या रिकाम्या करतोय, बाकीच्या बस आधीच्या डिझेलवर चालू आहेत, दुपारपर्यंत सगळं सुरळीत. तुझ्या भाऊंना तेवढं सांगायला सांग, लोक पुलावर ताटकळतायत. दादा भोंग्याचा पक्का श्रोता. बहीण तिथे कामाला आहे याचाच त्याला काय अभिमान.

मी चिठ्ठी लिहून आत दिली. भोंग्याने ती वाचली, मग माझ्याकडे बघून हसला.

"ताई, पाण्यावर कोण चिडतं?"

आणि चिठ्ठी चहाच्या कपाखाली ठेवली. कप उचलला की ती कपाला चिकटून वर यायची, मग पडायची. मला काचेतून दिसत होतं.

माइक उघडल्यावर तो म्हणाला, माझ्या माणसांनो, मी कुणावर आरोप करत नाही, मी फक्त प्रश्न विचारतो. बस आजच कशा बंद पडल्या? त्याच वस्तीच्या कशा? डेपोची युनियन कुठल्या पक्षाची आहे हे मी सांगायला हवं का? त्याची ही जुनी खोड. सांगायचं सगळं आणि शेवटी प्रश्नचिन्ह लावून हात झटकायचे.

फोन पेटले. दुसऱ्या लाइनवर एक बस ड्रायव्हर होता, बंद पडलेल्यातल्या एका बसचा. पुलावरून बोलत होता, मागे हॉर्न वाजत होते. डिझेलमध्ये पाणी आहे, मी स्वतः फिल्टर उघडून बघितला, हे त्याने मला दोनदा सांगितलं. मी त्याला स्क्रीनवर सगळ्यात वर टाकलं, ठळक अक्षरात. भोंग्याची नजर त्या ओळीवरून गेली, हे मी पाहिलं. त्याने त्याच्या खालचा माणूस घेतला. मी ड्रायव्हरला पुन्हा वर टाकलं. त्याने पुन्हा खालचा घेतला. असं चार वेळा झालं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. ड्रायव्हर बिचारा लाइनवर, अधूनमधून विचारायचा, ताई, माझा नंबर कधी? मी आपली सांगतेय, थांबा, घेतायत.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मॅनेजरचा फोन आला. सहावी लाइन तयार आहे, लगेच द्या. मॅनेजरने सांगितलं की सहावी लाइन द्यायची, तिथे काय, कसं असं विचारायची पद्धत नाही. मला वाटलं मास्तर असतील. जरा खोकतील, लोकशाहीबद्दल चार शब्द बोलतील, वातावरण निवळेल. मी लाइन दिली.

मास्तर नव्हते. जाडा, घोगरा, रागाने थरथरणारा एक नवाच आवाज होता. म्हणाला, मी पुलापलीकडे राहतो, पहाटे डेपोत पहिली बस पकडायला गेलो होतो. माझ्या डोळ्यांनी बघितलं. वर्कशॉपचा एक माणूस एकेका बसखाली जाऊन काहीतरी करत होता. मुख्यच असावा, कारण बाकीचे त्याला विचारत होते. टकला, जाड भिंगांचा चष्मा, कपाळाला काळं लागलेलं. मी विचारलं काय करताय, तर म्हणाला, आज तुमची वस्ती पायी जाणार.

लाल बटण हाताशी होतं, पण पहिल्यांदा कळलंच नाही मी काय ऐकतेय, आणि कळलं तोपर्यंत ते काही सेकंद उलटून गेले होते. टकला, चष्मा, कपाळावर काळं. त्या डेपोत असा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या पाठीवरून हात फिरवत मला शाळेत सोडायचा.

भोंगा एक क्षण गप्प राहिला. तो कुठे थांबायचं ते बरोबर जाणतो. मग हळूच म्हणाला, ऐकलंत? मी काही म्हणत नाही. तुम्ही ऐकलंत.

त्यानंतर माझ्या पाचही लाइन विझेचनात. लोक ओरडत होते. त्या टकल्याला बाहेर काढा, म्हणत होते. एकाने तर सांगितलं, आम्ही पुलावरून निघालोय, डेपो काय लांब आहे? त्या ड्रायव्हरची लाइन मध्येच कधीतरी कटली होती. आणि माझ्या मोबाइलवर वहिनीचा फोन. वहिनी डेपोच्या समोरच्याच चाळवजा क्वार्टरमध्ये राहते, तिला खिडकीतून गेट दिसतं.

ती रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. म्हणाली, गेटवर माणसं जमतायत गं. यांचंच वर्णन करतायत. हे आतून वर्कशॉपला कुलूप लावून बसलेत, दोन हेल्पर आहेत बरोबर. पोलीस सगळे मतदान केंद्रांवर, फोन लागत नाही. तुमच्या रेडिओवर बोलले म्हणे कुणीतरी. तू तिथे आहेस ना?

मी तिथे होते. तिथेच तर होते.

जाहिराती लागल्या तशी मी आत घुसले. भोंग्याला सांगितलं, तो माणूस माझा सख्खा भाऊ आहे. डिझेलमध्ये पाणी होतं, चिठ्ठी तुमच्या कपाखाली आहे. गेटवर लोक जमलेत. आत्ताच्या आत्ता सांगा की चूक झाली.

त्याला धक्का बसला, खोटं कशाला बोलू. तोंडचा घोट तोंडातच राहिला. पण तो सावरला. तुमचा भाऊ? अरेरे. पण ताई, नाव कुठे घेतलं आपण? आणि आपण कुठे म्हणालो, लोक म्हणाले. मी म्हटलं, कुठले लोक? सहावी लाइन होती ती, मागच्या खोलीतली. त्यावर त्याने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. म्हणाला, मी मतदान चालू असताना चूक झाली म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो कळतंय का तुम्हाला? मालक मला उभा चिरेल. पोलीस येतील, काही होत नाही. चार लोक ओरडतात आणि घरी जातात. मी त्याच्यापुढे हात जोडले. मी, जी बापापुढे कधी वाकले नाही. त्याने हेडफोन चढवले.

मग मी मागे पळाले. सामानाच्या खोलीत नकल्या बिस्कीट खात बसला होता. मी ते त्याच्या हातातून हिसकावून फेकलं. वाटेल ते बोलले, कपाखालच्या चिठ्ठीपासून गेटवरच्या लोकांपर्यंत सगळं. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या खोलीत रेडिओ लागत नव्हता, बाहेर काय पेटलंय याचा त्याला पत्ताही नव्हता. मॅनेजरने फोनवर सांगितलं होतं, एक चिडलेला प्रवासी हवा, डेपोवाल्यांवर चिडलेला. एवढंच.

"मग टकला कुठून आला? चष्मा कुठून आला?"

नकल्याने मान खाली घातली. म्हणाला, ताई, डोळ्यासमोर माणूस असल्याशिवाय मला बोलता येत नाही. कुणीतरी खरा दिसावा लागतो. डेपोतला म्हणून मी आयुष्यात एकच माणूस पाहिलाय. मागे तुमची छत्री द्यायला एक जण आले होते. तुम्ही आत होतात, मीच घेतली छत्री. कपाळाला काळं लागलं होतं, मी रुमाल दिला तर म्हणाले, राहू दे, उगाच तुझा रुमाल खराब होईल. ते तुमचे कोण, मी विचारलंही नाही.

मी तिथेच मोडक्या खुर्चीवर बसले. छत्री द्यायला आला होता तो. मी विसरले होते म्हणून.

नकल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मीच सांगतो, म्हणाला. त्याच प्रवाशाच्या आवाजात सांगतो की मी काही बघितलं नाही. मलाही तेच सुचलं होतं. मी धावत टेबलाशी आले आणि सहावी लाइन स्क्रीनवर टाकली: मघाचा प्रवासी पुन्हा. भोंग्याने ती झडप घालून घेतली. त्याला वाटलं, अजून मसाला आला.

घोगरा आवाज म्हणाला, भाऊ, मी मघाशी बोललो ते खोटं होतं. मी डेपोत गेलोच नव्हतो. मी कुणाला बघितलं नाही. त्या माणसाचा काही दोष नाही, लोकांनी घरी जावं. आवाज खरोखर कापत होता, त्यात नाटक नव्हतं.

भोंग्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, सुटलो. संधी आयती हातात आली होती, त्याला नुसतं बरं म्हणायचं होतं. पण सवय हाडात भिनलेली असते.

"माझ्या माणसांनो, ऐकलात ना आवाज? किती घाबरलाय तो. अर्ध्या तासात याच्यापर्यंत कोण पोचलं? कोणी धमकावलं याला?"

संपलं. वहिनीचा फोन चालूच होता, मी तो कानाला लावला. तिच्या खिडकीतून मला आमचाच कार्यक्रम ऐकू येत होता, काही सेकंद उशिरा. गेटबाहेरच्या टपरीवर रेडिओ मोठ्याने लावला होता आणि लोक गेट हलवता हलवता तो ऐकत होते. धमकावलं हा शब्द तिथे पोचला तेव्हा जो आरडाओरडा झाला तो मी कानाने ऐकला. मग काच फुटल्याचा आवाज. वहिनी म्हणाली, वर्कशॉपची खिडकी. मग म्हणाली, यांना लागलं. रक्त दिसतंय. मग ती नुसतंच अगं, अगं करत राहिली.

टेबलावर सहावी लाइन लुकलुकत होती. मी उचलली. नकल्या म्हणाला, आता मास्तरांचं ऐकणार नाहीत, काकूचं ऐकणार नाहीत, माझं तर नाहीच नाही.

"ताई, ते आता फक्त एकाचंच ऐकतील. त्याचा आवाज माझ्याकडे आहे."

तो कुणाबद्दल बोलतोय हे मला लगेच कळलं. आणि हे कायद्याला धरून नाही, हेही कळलं. हे तेच आहे, जे आम्ही रोज करतो आणि ज्याने दादाचं डोकं फुटलं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण माझा भाऊ कुलपाआड बसला होता आणि गेटची कडी सुटत आली होती, तेव्हा तत्त्वाची चर्चा करायला मी काही भोंग्याच्या कार्यक्रमात आलेली पाहुणी नव्हते. मी उठून स्टुडिओच्या दाराला बाहेरून कडी घातली. बाहेरच्या दालनाचंही दार लावलं. परत येऊन भोंग्याची पट्टी शून्यावर ओढली आणि सहावीची पूर्ण वर केली.

"बोल," मी म्हटलं.

नकल्याने आधी घसा खाकरला. भोंगा तसाच खाकरतो. मग माझ्या अंगावर काटा आला, कारण काचेपलीकडे भोंग्याचं तोंड बंद होतं आणि सगळ्या शहरात तो बोलत होता.

"माझ्या माणसांनो, थांबा. जो जिथे आहे तिथे थांबा. माझी चूक झाली. बसमध्ये कुणी काही केलं नाही, डिझेलमध्ये पाणी होतं. हे मला सकाळी कळलं होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. गेटवर जो उभा आहे त्याने मागे व्हायचं. आत जो माणूस आहे तो सकाळपासून तुमच्याच बस दुरुस्त करतोय. तुम्ही मला भाऊ म्हणता ना? मग भावाचं ऐका, घरी जा."

भोंग्याच्या हेडफोनमध्ये तो स्वतःच बोलत होता. तो आधी इकडेतिकडे बघायला लागला, मग माइकवर टिचकी मारली, मग त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. तो उठला आणि काचेवर मुठी आपटायला लागला. आमची काच चांगली जाड आहे. त्याचं तोंड उघडत मिटत होतं आणि एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत तो मला कधी इतका आवडला नव्हता. मागे मॅनेजर दार बडवत होता. मी फोनवर नकल्याला सांगितलं, पुन्हा बोल. त्याने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश. मग मी गाणं लावलं आणि मोबाइल कानाला लावला.

वहिनीकडे शांतता होती. मग तिचा श्वास ऐकू आला. म्हणाली, गेट सोडलं त्यांनी. टपरीपाशी उभे आहेत. एकमेकांकडे बघतायत. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, चाललेत.

मी कड्या काढल्या. दोघे एकदम आत घुसले, एक इकडून, एक तिकडून. भोंगा लालबुंद झाला होता. पोलिसात देतो, म्हणाला, जेलमध्ये सडाल, तुम्ही आणि तो भिकारडा नट. मी म्हटलं, द्या. मॅनेजर नकल्याला शोधायला मागे धावला. नकल्या पळाला नव्हता, तिथेच बसून होता असं नंतर कळलं.

आणि फोन वाजायला लागले. सवयीने मी पहिला उचलला आणि स्पीकरवर पडला. एक बाई रडत होत्या. भाऊंना सांगा, म्हणाल्या, इतकी वर्षं ऐकतेय, पण आज त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. चूक झाली म्हणणारा माणूस या दिवसांत कुठे भेटतो? दुसरा फोन तसाच. तिसरा तर विरोधी पक्षाच्या युनियनवाल्याचा, तोही तेच म्हणाला. मग मालकाचा फोन आला. भोंग्याने तो घाबरत घेतला. आधी नुसतं हो, हो चाललं होतं. मग पाठ सरळ झाली. मग तो माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "नाही साहेब, मनातून आलं. चुकलं तर म्हणावं माणसाने."

त्याने फोन ठेवला. मग कपाखालची ओली चिठ्ठी काढून त्याने खिशात टाकली आणि मला म्हणाला, ताई, दोन दिवस सुट्टी घ्या, भावाकडे जा. पोलिसांचं नावही काढलं नाही. कसं काढणार? तो आवाज त्याचा नव्हता म्हटलं तर तो मोठेपणाही त्याचा नव्हता. नकल्याला मात्र त्याच दिवशी काढलं. सामानाच्या खोलीतून तो पिशवी घेऊन निघाला तेव्हा मी त्याला जिन्यात गाठलं. तो म्हणाला, त्यांना माझा नमस्कार सांगा. मी म्हटलं, सांगते.

दादाच्या भुवईवर टाके पडले होते. थोडक्यात वाचला, डोळा गेला असता, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या उशाशी बसले होते. वहिनीने चहा करून आणला आणि ती कितीतरी वेळ माझा हात धरून बसली. दादा भिंतीला टेकून बसला होता, डोक्याला पट्टी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रेडिओ लाव ना, म्हणाला, वेळ झाली.

मी म्हटलं, कशाला? अजून हौस फिटली नाही का?

"अगं, त्याच्यामुळे वाचलो मी. काही म्हण तू त्याला, छाती आहे माणसाला. सगळ्या गावासमोर चूक झाली म्हणाला."

मला राहवेना. मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं. छत्री, सहावी लाइन, कडी, पट्टी, काच, सगळं. तो भोंगा नव्हता दादा, तो नकल्या होता. ज्याने तुला रुमाल दिला होता तो. वहिनी ऐकताना हळूहळू माझा हात सोडून मागे सरकली. दादाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याला छत्री आठवली, रुमालही आठवला. मग तो हसला, टाके ओढले गेले म्हणून मध्येच थांबला.

तुझं त्याच्याशी पहिल्यापासून पटत नाही, म्हणाला. म्हणून त्याचं चांगलंही तुला बघवत नाही. बारा महिने तेरा काळ ऐकतो मी त्याला, मला काय आवाज कळत नाही का?

वहिनीने रेडिओ लावला. भोंगा आज जरा हळू, जड आवाजात बोलत होता. घसा खाकरला.

"माझ्या माणसांनो, काल मी चुकलो होतो आणि काल मी तुम्हाला तसं सांगितलं. आता मला एवढंच विचारायचंय. जो माणूस स्वतःची चूक सांगतो, तो आज तुम्हाला खोटं सांगेल का? डिझेलमध्ये पाणी होतं. मग ते कुणी घातलं? डेपोच्या पंपावर रात्री एक बाई ड्यूटीला असते. सडपातळ, पांढरे होत आलेले केस, एका पायाने किंचित लंगडते. मी आरोप करत नाही."

ती पंपावरची बाई आम्हाला माहीत होती. वहिनीच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहते, काल दादाला टॅक्सीत घालून दवाखान्यात तिनेच नेलं होतं. मी दादाकडे बघितलं. तो चष्मा नीट करत पुढे वाकला होता, कान रेडिओकडे लावून.

"आवाज वाढव जरा," तो म्हणाला.